एकट्या बसणाऱ्या मुलाची संगत



घंटा होताच कानांवर हात ठेवून भिंतीकडे सरकणारे, हाक मारली असता न पाहणारे, चिंचोके एका ओळीत मांडण्यात तासन् तास रमणारे एखादे मूल आपल्या वर्गात असेल. गावात त्यास हट्टी, क्वचित वेडसरही म्हणतात. आईने लाडावले म्हणून असे झाले, असेही बोलले जाते. त्यात तथ्य नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता होय. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे वर्णन केले, आणि आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट उल्लेख आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. आपण पालकांस विश्वासात घ्यावे व विशेष शिक्षकांस कळवावे.

परंतु संगत घडावयाची ती वर्गातच. अशा मुलास माणसे नकोशी असतात, हा समज चुकीचा आहे. पुष्कळदा त्यास संगत हवी असते, गलबला नको असतो. तेव्हा चाळीस मुलांच्या खेळात त्यास ओढून नेऊ नये. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. येथेही मुलाकडे आपणच जावयाचे आहे. चिंचोके मांडणाऱ्याशेजारी एक, केवळ एकच, शांत स्वभावाचा सवंगडी आपले चिंचोके घेऊन बसू द्यावा. काही दिवस दोघे आपापले खेळतील. मग एक चिंचोका याचा, एक त्याचा, अशी पाळी सुरू करून पाहावी. पाळी घेणे हाच संभाषणाचा पाया. याला आठवडे लागतील, कदाचित महिने. तपासणीच्या तक्त्यात ही प्रगती दिसणार नाही, हेही मी जाणतो.

‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह धरू नये. नजर न देताही मूल ऐकत असते. बोलणे थोडे व सरळ असावे. ‘डोके चालव’ म्हटल्यास ते शब्दशः घेऊन मूल गोंधळते. घंटेपूर्वी त्यास सूचना द्यावी. प्रार्थना, भाषा, खिचडी, खेळ, घर असा दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर दाखवावा. गलबला असह्य झाल्यास बसावयास एक शांत कोपरा असावा. तो शिक्षेचा कोपरा नव्हे, हे इतर मुलांसही सांगावे.

पाथर्डी-शेवगावकडील गुरुजींना एक विशेष सांगणे आहे. ऊसतोडणीस निघणाऱ्या कुटुंबात असे मूल असेल, तर निघण्यापूर्वी काही दिवस त्यास चित्रांनी प्रवास समजावून द्यावा. चित्रपट्टी व चिंचोक्यांचा डबा त्याच्यासोबत जाऊ द्यावा. हंगाम सरून ते परतेल तेव्हा त्याची जागा व शेजारचा सवंगडी तोच ठेवावा.