चौकातला जाडा हात



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, देशाचे अर्थकारण ऐकता. माझा विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी मला दोनदा विचारले, 'म्हणजे सिग्नलचा खांब, एवढेच ना?' मी म्हटले, आख्खा खांबसुद्धा नव्हे. खांबापासून रस्त्यावर जो आडवा हात आलेला असतो, तेवढाच माझा विषय. आणि तोही आपल्या गावचा नव्हे, अमेरिकेतला. चिटणीसांनी मोठ्या मनाने हो म्हटले. आता आपण तेवढ्याच मोठ्या मनाने ऐकून घ्यावे.

मी इंजिनिअर नव्हे. तरुणपणी वेल्डिंगखात्यात हेल्पर म्हणून लागलो, तिथेच वेल्डर झालो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. दोन वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये पुतण्याकडे जाण्याचा योग आला. तिथे मुले कामावर गेली की म्हाताऱ्या माणसाला दिवस खायला उठतो. मी पायी हिंडत असे आणि त्या देशात पायी हिंडणारा माणूस म्हणजे जवळजवळ मीच एकटा. त्यामुळे मोटारीतून जाणाऱ्यांना जे दिसत नाही, ते मला सवडीने पाहायला मिळाले.

तिथला चौक म्हणजे मैदान. एकेका बाजूला गाड्यांच्या सहा-सात रांगा आणि प्रत्येक रांग बारा फुटांची. सिग्नलचे दिवे चौकाच्या पलीकडच्या अंगाला, नेमके रांगांच्या डोक्यावर टांगलेले असतात, म्हणजे पुढे उंच मालमोटार असली तरी मागच्याला दिवा दिसावा. खांब मात्र रस्त्याच्या कडेला. तेव्हा कडेपासून चौथ्या रांगेपर्यंत पोचायचे तर हात झाला पन्नास फुटांचा. हे हात पोलादाच्या निमुळत्या नळकांड्याचे असतात. लांबीच्या दर फुटामागे व्यास 0.14 इंचाने उतरत जातो, म्हणजे पन्नास फुटांत सात इंच. टोकाशी पाच इंच असेल तर खांबाजवळ बारा इंच, जेवणाच्या ताटाएवढा! आणि या तोफेच्या नळीवर बसवलेले काय? तर तीन-तीन दिव्यांच्या काही पेट्या. त्यातली एकेक पेटी धडधाकट माणूस खांद्यावर घेऊन शिडी चढेल.

पुतण्या म्हणाला, 'काका, कंत्राटदारांची चंगळ आहे. तीन दिव्यांना एवढे लोखंड लागते का?'

मलाही प्रथम तसेच वाटले. मग मी हिशेब मांडू लागलो. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा भरून येतो. हाताची लांबी दुप्पट केली तर टोकाच्या ओझ्याचा मुळावरचा ताण दुप्पट होतो आणि हाताच्या स्वतःच्या वजनाचा चौपट. तरीसुद्धा नुसते वजन तोलायचे असते, तर याहून पुष्कळ हलके नळकांडे पुरले असते. मग वाटले, वादळासाठी असेल. फ्लोरिडात ते कारण खरेच आहे. 1992 च्या अँड्र्यू वादळाने आणि 2004 साली एकाच मोसमात आलेल्या चार वादळांनी त्या राज्याची दैना केली. तारेवर टांगलेले सिग्नल वाऱ्याने पिळवटून पडत, म्हणून किनाऱ्याच्या पट्ट्यात तारेऐवजी हे पोलादी हात घेतले गेले. पण माझा पुतण्या राहतो समुद्रापासून शेकडो मैल आत. मग तिथे हात जाड का?

याचे उत्तर मला एका दुपारी चौकातच दिसले. वादळ नव्हते. पतंग उडवावा असा एका चालीचा वारा होता, झाडांची पाने नुसती सळसळत होती. आणि तो एवढा थोरला हात टोकाशी वर-खाली, वर-खाली डुलत होता. वीतभर तरी असेल. मी घड्याळ लावले. साधारण सेकंदाला एक झोका. वारा आडवा, समोरून येणारा. हात मात्र हलतो वर-खाली. ही काय भानगड?

या भानगडीला इंग्रजीत घोड्याच्या भरधाव दौडीचे नाव आहे. दिव्यांच्या पेटीमागे काळा सपाट पत्रा असतो, उन्हात दिवा उठून दिसावा म्हणून. हात किंचित खाली जाऊ लागला की त्याच्या दृष्टीने वारा जरासा खालून आल्यासारखा होतो. त्या सपाट आकारावर अशा तिरप्या वाऱ्याचा दाब असा पडतो की हात सावरण्याऐवजी आणखी खालीच ओढला जातो. वर येताना तसाच आणखी वर. झोपाळ्यावरच्या मुलाला दर खेपेला नेमक्या क्षणी बोटभर धक्का द्यावा, तसे हे. धक्का लहान, पण वेळ साधलेली. डेन हार्टोग नावाच्या शास्त्रज्ञाने 1932 साली बर्फाने लडबडलेल्या विजेच्या तारा अशा का उसळतात ते मांडले, तेच गणित इथे लागू पडते. आणि पोलादी नळकांड्याला हा झोका जिरवण्याची अक्कल फार थोडी. एकदा डुलू लागले की डुलतच राहते.

आता बेरीज करा. दिवसाला तीनच तास असा वारा लागला असे धरा. सेकंदाला एक झोका म्हणजे दिवसाचे 10,800 आणि वर्षाचे चाळीस लाखांच्या घरात. यातला एकही झोका त्या हाताला मोडू शकत नाही. पण सगळे मिळून मोडतात.

पोलाद थकते, बंधूंनो. हा माझा अलंकार नव्हे, इंजिनिअरांच्या शास्त्रातला शब्द आहे. 1829 च्या सुमारास जर्मनीत हार्ट्झच्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने खाणीतल्या साखळ्या पुन्हा पुन्हा ताणून पाहिल्या, कारण तोलाच्या आतल्या ओझ्यानेच त्या तुटत होत्या. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकावर एक चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअराने वर्षानुवर्षे आस फिरवून फिरवून सिद्ध केले की, धातू किती ताणला एवढेच पाहून भागत नाही, किती वेळा ताणला तेही मोजले पाहिजे.

पोलाद थकते हे दीडशे वर्षे ग्रंथांत छापलेले आहे. माणूस थकतो हे पटवायला मला दर करारात तीन-तीन महिने बसावे लागले! पण उपमा फार ताणू नये. माणसाला रजा दिली की तो पुन्हा ताजा होतो. पोलादाला रजा देऊन त्याची भेग बुजत नाही.

ही भेग पडते कुठे? जिथे मी आयुष्य घालवले तिथे, वेल्डिंगच्या सांध्यात. हाताचे नळकांडे एका जाड पाटाला वेल्ड केलेले असते आणि तो पाट बोल्टांनी खांबाला आवळतात. सांध्याच्या काठाशी ताण गोळा होतो. या नळकांड्याचे चांगले पोलाद दर चौरस मिलिमीटरला 345 न्यूटन, म्हणजे सुमारे पस्तीस किलो, ताण सोसूनही कायमचे वाकत नाही. पण साध्या पद्धतीच्या या सांध्यात 2001 च्या अमेरिकन नियमांप्रमाणे झोक्यागणिक ताणाचा चढउतार किती चालत असे? 18 न्यूटन. दोन किलोसुद्धा नाही! पस्तीसाची ताकद आणि मुभा दोनाहून कमी. शिवाय भारी पोलाद घालावे तर तोही उपाय नव्हे. पोलाद कितीही उंची असले तरी सांधा त्याच हिशेबाने थकतो. मग उरते काय? नळकांडे जाड करा, पाट जाड करा, सांध्याची रीत सुधारा, नाहीतर झोकाच मोडून काढा. टेक्सासमध्ये काही हातांच्या टोकाला दिव्यांच्या वर एक आडवी सपाट पट्टी लावलेली दिसते, ती झोका मोडण्यासाठी. मला आधी वाटले, पक्ष्यांना बसायला केली असेल.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. 1990 नंतरच्या दशकात मिसुरी, वायोमिंग अशा राज्यांत हात तुटले, तपासले तेव्हा आणखी कितीकांच्या मुळाशी भेगा निघाल्या. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात अभ्यास झाला, त्याचा अहवाल 1998 साली निघाला आणि 2001 च्या नियमांत थकव्याचा हिशेब सक्तीचा झाला. म्हणून नवे हात जाड. पुतण्याच्या गावातल्या जुन्या बाजारपेठेत मला बारीक हातही दिसले. ते फार सुबक दिसतात.

मला हे सारे इतके का लागले, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात माल उचलणाऱ्या जिब क्रेनचा आडवा हात मुळाशी तुटला. खाली उभ्या असलेल्या कामगाराचा पाय गेला. आणि चौकशी कोणाची? तर ज्याने तो सांधा चार वर्षांपूर्वी जोडला, त्या वेल्डरची. आरोप, निष्काळजी काम. मी तेव्हा रस्त्यावरून घेतलेले पदार्थबलाचे जुने पुस्तक शब्दकोश लावून वाचत होतो. तुटलेला तुकडा मी चौकशीच्या टेबलावर ठेवायला लावला. त्याचा दोनतृतीयांश भाग काळपट, गंजलेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक रेषा. उरलेला भाग मात्र ताजा, लखलखीत. मी विचारले, साहेब, हा गंज काय काल रात्री चढला? भेग महिनोन् महिने सरकत होती. हा हात रोज किती खेपा घेतो याचा हिशेब कोणी केला होता? वरून कोणी तपासला होता? चौकशी अधिकाऱ्याने भिंग मागवले, पुष्कळ वेळ पाहिले. वेल्डरवरचा आरोप मागे घेतला गेला. पण हिशेब न करणाऱ्याला कोणी काही विचारले नाही, आणि ज्याचा पाय गेला त्याचा पाय गेलाच.

आपल्याकडे 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून 17 माणसे गेली, ते आपल्या मनात आले असेल. ती गोष्ट निराळी. तिथे पायाच तोकडा होता आणि वादळ एकाच दुपारचे होते. मी सांगतो आहे ते निवांत वाऱ्याचे, ज्या दिवशी वर्तमानपत्रात हवामानाची बातमीसुद्धा नसते.

आता हात जाड केला म्हणून काम संपले असेही नाही. आडव्या हाताच्या मुळाशी ताण असतो तो वरच्या अंगाला, म्हणून भेगही वरून पडते. खाली उभे राहून कितीही मान वर केली तरी ती दिसायची नाही. त्यासाठी माणसाला पाळण्यात बसवून वर चढवावे लागते. मी गेलो तेव्हा एका चौकात हे काम चालले होते, एक रांग बंद ठेवून. मी तासभर पदपथावर उभा राहिलो. पाळण्यातल्या माणसाने सांधा तारेच्या ब्रशाने घासला, पुसला, त्यावर लाल रंग मारला, थोडा वेळ थांबला, रंग पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. हीच रीत आमच्या खात्यात होती. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पांढऱ्यातून केसासारख्या लाल रेघेने वर येतो. तो माणूस मुळाला डोळा लावून पाहत होता आणि खालून मोटारी भोंगे वाजवीत होत्या. शेवटी त्याने सांधा पुसला, वहीत काही लिहिले आणि पाळणा खाली आणला. मी खुणेने विचारले, रेघ आली का? त्याने मान हलवली, नाही, आणि पुढच्या खांबाकडे गेला.