पुन्हां धांवूं लागतांना



दुखापतीमुळें धांवणें थांबवावें लागलें म्हणजे माणूस हळहळतो. परंतु त्या थांबण्याला फारसा विवेक लागत नाहीं. वेदना आणि वैद्य या दोघांचा धाक पुरेसा असतो. खरी परीक्षा पुढें आहे. दुखणें ओसरतें, धाक सुटतो, आणि पूर्वीं आपण किती धांवत होतों याची आठवण तेवढी शिल्लक राहते. त्या आठवणीशीं कसें वागावें, हें आज सांगावयाचें आहे.

माझा अधिकार अल्प आहे. घाटकोपरांत मुलांना शिकवीत असतांना, आणि सेवानिवृत्तीनंतरहि, मी रोज पहांटे धांवत असें. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एका निसरड्या जिन्यावर पाय वांकडा पडून घोट्याचें हाड मोडलें आणि चौदा महिने धांवणें बंद राहिलें. "आतां या वयांत पुन्हां कशाला?" असें घरच्या मंडळींनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. परंतु एकदां पडलेल्या वृद्धाला पुन्हां पडण्याचें भय वाटतें; भयानें तो घरांत बसतो; बसून बसून पाय दुर्बळ होतात, आणि दुर्बळ पायांचा माणूसच पुन्हां पडतो. हें चक्र तोडावयाचें, एवढाच माझा हेतु होता.

यांतील मर्म असें आहे. विश्रांतीच्या काळांत हृदय आणि फुप्फुसें यांची शक्ति कांहीं आठवड्यांतच उतरूं लागते. पण सराव सुरू होतांच ती परतूंहि लागते. स्नायूहि बऱ्यापैकीं लवकर सांवरतात. मात्र स्नायूंना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा आणि हाडांना एकमेकांशीं बांधणारे अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा कमी असल्यामुळें बळ येण्यास महिनेच्या महिने लागतात. म्हणून थोड्याच आठवड्यांत दम टिकूं लागतो, उत्साह वाढतो, आणि नेमका त्याच वेळीं पाय दगा देतो. शिक्षकाला हें समजण्यास अवघड नाहीं. पुढच्या बांकावरील हुशार मुलानें हात वर केला म्हणून धडा संपत नाहीं. शेवटच्या बांकावरील मुलाला तो कळला म्हणजे संपतो. शरीराच्या वर्गांत शेवटच्या बांकावर कंडरा आणि अस्थिबंध बसतात. पाठ त्यांच्या गतीनें चालवावा.

क्रम असा ठेवावा. वैद्याची अनुज्ञा मिळाल्यावर प्रथम अर्धा तास न लंगडतां भरभर चालतां आलें पाहिजे. भिंतीला हात टेकून टांचा उचलाव्या, एका पायावर तोल सांवरावा. मग एक मिनिट संथ धांवावें, दोन मिनिटें चालावें. असें वीस मिनिटें, आणि तेंहि एक दिवसाआड. धांवतांना वेदना वाढूं लागली, किंवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं खाटेवरून उतरतांना पाय लंगडला, तर एक पायरी मागें यावें. मऊ मातीवर धांवा, असें पुष्कळ जण सांगतात. पण मोडलेल्या घोट्याला मऊपणाहून सपाटपणा अधिक मानवतो. आमच्या पंतनगरांतील आचार्य अत्रे मैदानावर मीहि आधीं चालत फिरून खांचखळगे पाहून घेतले, आणि मगच धांवावयास आरंभ केला.

बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे यांचें नांव आपण ऐकलें असेल. तीन हजार मीटरच्या ज्या शर्यतींत २८ अडथळे आणि ७ वेळां पाण्याचा खंदक ओलांडावा लागतो, ती त्यांची शर्यत. २०१८ सालीं घोटा दुखावल्यामुळें ते आशियाई क्रीडास्पर्धेला मुकले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत भुवनेश्वर येथें त्यांनीं गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा, म्हणजे ३७ वर्षें टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदकहि मिळविलें. आणि तरीहि जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथील शर्यतींत ते पडले, गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षींची जागतिक स्पर्धा हुकली. परतणें ही विद्याच अशी आहे कीं, एवढ्या थोर धांवपटूलाहि ती दुसऱ्यांदां पहिल्या इयत्तेपासून शिकावी लागते. त्यांच्या दिमतीला शिक्षक आणि वैद्य असतात. आपल्यासारख्यांना मात्र स्वतःलाच आंवरावें लागतें.

आज मी सलग बारा मिनिटें धांवतों. पूर्वीं पाऊण तास सहज होत असे. मैदानावरील मुलें मला मागें टाकून जातात. त्यांतील एकानें परवां विचारलें, "गुरुजी, कितवी फेरी?" मीं म्हटलें, "तिसरी, आणि आजची शेवटची." चौथीची शक्ति अंगांत होती. ती मीं पुढच्या खेपेसाठीं राखून ठेविली.