मदत मरणानंतरच का?



19 मे 2020 च्या पहाटे यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात मजुरांची बस आणि ट्रक यांचा अपघात होऊन चौघे मृत्युमुखी पडले. टाळेबंदीमुळे काम गेलेले हे मजूर सोलापूरकडून झारखंडला परतत होते. यवतमाळशी त्यांचे नाते एवढेच की, त्यांच्या घराची वाट या जिल्ह्यातून जात होती. त्याच उन्हाळ्यात हैदराबादकडून निघालेले जथे पैनगंगा ओलांडून, पाटणबोरी आणि पांढरकवड्यावरून पायी उत्तरेकडे जाताना साऱ्यांनी पाहिले.

चार महिन्यांनी, 14 सप्टेंबर 2020 रोजी, लोकसभेत प्रश्न विचारण्यात आला : परतताना किती मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय? केंद्रीय श्रम मंत्रालयाचे उत्तर असे की, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. सबब भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.

या उत्तराला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कारभाराच्या दृष्टीने ते तर्काला धरूनच होते. जो गेला याची नोंद नाही, तो मेला याची नोंद कोठून येणार? तेव्हा खरा प्रश्न मागे जातो : मजूर गाव सोडतो त्या दिवशी शासन कोठे असते?

पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून दसरा-दिवाळी आटोपली की माणसे निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी तेलंगणात, कोणी कर्नाटकात. निघण्याच्या दिवशी त्यांच्या दारात शासन नसते, मुकादम असतो. तो उचल देतो. त्या उचलीतून किराणा येतो, आजारपण निभते, क्वचित मुलीचे लग्नही होते. मग संपूर्ण हंगाम ती फेडण्यात जातो; फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. नवराबायको मिळून 'कोयता' धरतात आणि एका कोयत्याचा हिशेब एकच लिहिला जातो, त्यात बाईच्या श्रमाला वेगळे नावही नसते.

याच क्षणासाठी संसदेने एक कायदा केला होता, हे कार्यकर्त्यांनाही फारसे आठवत नाही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 2 ऑक्टोबर 1980 पासून लागू झाला. ओडिशातील दादन मजुरांची ठेकेदारांनी चालविलेली लूट त्याच्या मुळाशी होती. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर ठेकेदारामार्फत लावले की ठेकेदाराला परवाना आणि मजुराला छायाचित्रासह पासबुक सक्तीचे होते. शिवाय भरतीच्या वेळीच मासिक वेतनाच्या निम्म्याइतका किंवा 75 रुपये, यांत जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता द्यावयाचा होता. हा भत्ता परत मागता येत नसे आणि वेतनातून वळता करता येत नसे. जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांचे वेतन वेगळेच.

मुकादमाची उचल फेडावी लागते, कायद्याचा भत्ता फेडावा लागत नव्हता. एवढ्या एका फरकात गुलामी आणि नोकरी यांच्यातले अंतर सामावलेले आहे. पण उचल गावोगाव पोहोचली आणि भत्ता राजपत्रातच राहिला. कायदा लागू होऊन चाळीस वर्षे उलटल्यावर, 29 जून 2021 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या कायद्याखाली ठेकेदारांची व आस्थापनांची नोंदणी करा! त्यापूर्वीच, 2020 मध्ये, संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर करून त्याच्या निरसनाची तरतूद केली होती. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुरालाही तिने व्याख्येत घेतले, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. पण पाचाचा उंबरठा दहावर नेला आणि विस्थापन भत्ता गाळला.

परदेशी जाणाऱ्याची स्थिती कागदावर बरी दिसते. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या मजुराला आखाती देशांत नोकरीला जाताना परवानगी लागते, तिच्याबरोबर दहा लाखांचा विमा सक्तीचा असतो. दूतावासांत 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून अडकलेल्यांना निवारा, परतीचे तिकीट, शव मायदेशी आणण्याचा खर्च मिळू शकतो. मात्र हा निधी भरतो तो दूतावासातील सेवांवर आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून, म्हणजे पुष्कळ अंशी त्याच स्थलांतरितांच्या खिशातून. आणि दलालाने पर्यटनाच्या व्हिसावर पाठविलेला मजूर परवानगीच्या वाटेलाच जात नाही. त्यामुळे विमाही त्याच्या वाट्याला येत नाही. पैनगंगेपलीकडील तेलंगणाने आखातात मरण पावलेल्या मजुराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा निर्णय 2024 मध्ये घेतला. झरी जामणी आणि आदिलाबादचा कोलाम एकच भाषा बोलतो. नदी त्याला परकी नाही, सरकारी फायलीला मात्र आहे.

या जिल्ह्याला मरणोत्तर मदतीचा पुरेसा अनुभव आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाख रुपये येतात तेही समितीने प्रकरण 'पात्र' ठरविल्यावर. 'अपात्र' हा शब्द किती विधवांनी ऐकला हे यवतमाळला सांगावयास नको. स्थलांतरिताच्या कुटुंबालाही त्याच रांगेत उभे करणारी योजना मागून काय साधणार? मागणी प्रस्थानाच्या दिवसाची हवी : ठेकेदाराची नोंद, मजुराच्या हाती कागद आणि न फेडावयाचा भत्ता.

जुन्या कायद्यातले एक कलम नव्या संहितेतही टिकले आहे. मजुराचा अपघाती मृत्यू झाला किंवा त्याला गंभीर इजा झाली, तर दोन्ही राज्यांच्या नियुक्त अधिकाऱ्यांना आणि जवळच्या नातलगाला कळविणे बंधनकारक आहे. यवतमाळ जिल्ह्यासाठी हा अधिकारी कोण, त्याच्याकडे आजवर किती खबरा आल्या आणि त्या कोणत्या वहीत नोंदल्या, हे प्रत्येक तालुक्यातून माहितीच्या अधिकाराखाली दसऱ्यापूर्वी विचारावे. उत्तर लेखीच घ्यावे.