घाऊक वीज आणि दीर्घ मुदतीचे कर्ज

खेड्यात वीज आली म्हणजे पहिला दिवा लागलेला सर्वांना दिसतो. त्या दिव्यामागे दोन कागद असतात, ते मात्र फारसे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. एक कर्जरोखा आणि दुसरा घाऊक वीजखरेदीचा करारनामा. ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे भवितव्य बहुतांशी या दोन कागदांवर अवलंबून असते. हे कसे घडते, ते अमेरिकेच्या अनुभवावरून चांगले समजते.

1935 साली अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी सुमारे नऊ घरे अंधारात होती. खाजगी वीज कंपन्यांचा हिशोब सरळ होता. एक मैल तार टाकण्यास दीड ते दोन हजार डॉलर लागणार आणि त्या मैलावर गिऱ्हाइके मिळणार दोन-तीन. असला व्यवहार कोण करील? त्या वर्षी 11 मे रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन केले. पुढील वर्षी सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि प्रतिनिधी सॅम रेबर्न यांनी पुढे आणलेला कायदा संमत होऊन त्यास कायमचे अधिष्ठान लाभले. सरकारी पैसा कंपन्यांनी घ्यावा, ही मूळ अपेक्षा होती. कंपन्या फारशा पुढे आल्या नाहीत, शेतकरी आले. पाच डॉलर सभासद-वर्गणी भरून त्यांनी आपापल्या सहकारी संस्था उभ्या केल्या. खांब, तारा आणि बांधणी यांत काटकसर व एकसूत्रीपणा आणल्यावर मैलामागचा खर्च हजार डॉलरच्या आत आला.

कर्जाची मुदत प्रारंभी पंचवीस वर्षांची होती. 1944 च्या दुरुस्तीने ती पस्तीस वर्षांची झाली आणि व्याज दोन टक्क्यांवर आले. विरळ वस्तीत तारेवरील खर्च फार हळूहळू भरून येतो. दहा वर्षांत फेड मागणारा सावकार येथे उपयोगाचा नाही. एका पिढीइतका काळ थांबू शकेल असा धनको हवा, आणि तो बहुधा सरकारच असू शकतो.

परंतु तारा झाल्या, तरी त्यांतून वाहणारी वीज आणावयाची कोठून? संस्थांची स्वतःची वीजघरे नव्हती. ज्या कंपन्यांनी खेड्यांकडे पाठ फिरवली होती, त्यांच्याकडूनच पुष्कळांना घाऊक वीज विकत घ्यावी लागे. येथे व्यवहाराचे मर्म आहे. समजा, एखाद्या संस्थेने शंभर युनिट वीज चार रुपये दराने घेतली. लांबलचक तारांमध्ये पंधरा युनिट वाया गेली. उरलेल्या पंच्याऐंशी युनिटांतून नुसती खरेदीची किंमत वसूल करावयाची, तरी दर चार रुपये एकाहत्तर पैसे पडतो. दुरुस्ती, नोकरांचे पगार आणि कर्जाचा हप्ता अद्याप बाकीच आहेत. घाऊक दर थोडा वाढला, तरी हप्त्याचा पैसा त्यात गडप होतो. म्हणून कर्ज देणारे प्रशासन घाऊक दरावर कडक नजर ठेवी. कायद्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठीही कर्ज देता येत असे. कंपनीने अवाजवी दर मागितला, तर सहकाराचे स्वतंत्र वीजघर उभे करता येईल, ही जाणीवच पुष्कळदा दर खाली आणी. सरकारी धरणांवरील वीज देताना सार्वजनिक व सहकारी संस्थांना अग्रक्रम देण्याचे धोरणही त्यांच्या साहाय्यास आले.

पुढे अनेक वितरण संस्थांनी एकत्र येऊन निर्मिती व पारेषण करणारे मोठे सहकारी संघ स्थापन केले. या संघांना कर्जासाठी तारण काय द्यावयाचे? सभासद-संस्थांनी आपल्याला लागणारी सर्व वीज संघाकडूनच घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार करावयाचा, आणि तोच करार सरकारकडे तारण राहावयाचा, अशी व्यवस्था झाली. गिऱ्हाईक निश्चित असल्यामुळे संघाला स्वस्त कर्ज मिळाले, आणि एकट्याने कधी उभे राहिले नसते असे वीजघर अनेकांनी मिळून उभे केले.

पण ज्या दोरीने नाव काठाशी बांधलेली असते, तीच दोरी पूर आला असता नाव बुडवूही शकते. इंडियाना राज्यातील वॉबॅश व्हॅली या संघाने मार्बल हिल येथील अणुवीज प्रकल्पात भाग घेतला होता. खर्च अफाट वाढला आणि 1984 साली अर्धवट बांधलेला प्रकल्प सोडून द्यावा लागला. जेथून एक युनिटही मिळाले नाही, त्याची किंमत ग्राहकांच्या दरात घालण्यास राज्याच्या नियामक आयोगाने नकार दिला. 1985 मध्ये संघाला दिवाळखोरीच्या न्यायालयात जावे लागले. करार होते, तारण होते. पण दर वाढविण्याची मुभा नसेल, तर तारणाचा कागद हप्ता फेडू शकत नाही.

अलीकडे प्रश्नाने दुसरे रूप घेतले आहे. सूर्य आणि वारा यांची वीज स्वस्त झाली, आणि कोलोरॅडो व भोवतालच्या राज्यांतील ट्राय-स्टेट संघाच्या काही सभासदांना 2050 पर्यंतचे करार जाचक वाटू लागले. गरजेपैकी फक्त पाच टक्के वीज त्यांना स्वतः निर्माण करता येत असे. न्यू मेक्सिकोतील किट कार्सन संस्था 2016 साली 3 कोटी 70 लक्ष डॉलर भरून बाहेर पडली. पुढे इतरही गेल्या. बाहेर पडणाऱ्यास स्वस्त विजेचा हक्क आहे. पण त्याच्याच भरवशावर काढलेले कर्ज मागे राहणाऱ्या शेजाऱ्याने का फेडावे? निर्गमनाची रक्कम किती असावी, हा वाद म्हणूनच कडवट होतो. दोन्ही बाजूंना शेतकरीच आहेत.

भारतातही हा प्रयोग झाला. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला, आणि त्याच्या अर्थसाहाय्याने आरंभी पाच सहकारी संस्था उभ्या राहिल्या: तेव्हाच्या आंध्रातील सिरसिल्ला, गुजरातेतील कोडिनार, कर्नाटकातील हुक्केरी, उत्तर प्रदेशातील लखनौ आणि महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा. साखर कारखानदारीने सहकाराची सवय लावलेल्या श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात मुळा-प्रवरेने वीज पोहोचविली. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई व सभासदांना विके. ग्राहकांत शेतीपंपांचा वाटा मोठा. मंडळ राज्यभरच्या उद्योगांकडून अधिक दर घेऊन शेतीची तूट भरून काढू शके. एका लहानशा टापूतील संस्थेपाशी तो मार्ग तोकडा होता. घाऊक दर किती असावा, यावरून थकबाकीचे वाद वाढत गेले, आणि 31 जानेवारी 2011 रोजी परवान्याची मुदत संपल्यावर वितरणाचे काम महावितरणकडे गेले.

या सर्वांतून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. कर्जाची मुदत, घाऊक खरेदीचा दर आणि ग्राहकाकडून घ्यावयाचा दर या तिन्ही गोष्टी एकाच हिशोबात बसल्या पाहिजेत. तिन्ही ठरविणारे हात वेगवेगळे असले आणि त्यांचा मेळ नसला, म्हणजे सभासदांचा उत्साह व प्रामाणिकपणाही संस्थेला तारू शकत नाही. दिवा लावण्यास एक दिवस पुरतो. तो पस्तीस वर्षे तेवत ठेवावयाचा, तर सभासदाने वार्षिक सभेत ते दोन कागद मागवून वाचावयास हवेत.