विमान डुलते, पण सावरते
(उत्सवातील भाषणाचा सारांश)



सांबऱ्याहून पहिल्यांदा विमानाने निघालेली आपल्या घरची वडीलधारी मंडळी विचारतात, "आडव्या वाऱ्यात विमान कलंडलं तर?" आम्ही साधे डिप्लोमावाले, सरकारी नोकर, समजले तेवढे सांगतो.

डावीकडून झोत आला की शेपटीचा उभा पंख उजवीकडे ढकलला जातो आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे वळते. त्याच वेळी डावा पंख वर उचलला जातो. मग विमान नाक हलवत डुलू लागते. याला 'डच रोल' म्हणतात. खानापूर रोडवर आडवा वारा लागला की आपण गाडीचे हँडल सावरतो, तसे बहुतेक प्रवासी विमानांत 'यॉ डॅम्पर' सुकाणू आपोआप फिरवून हे डुलणे शमवतो.

पुढचा झोत केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. पण असंख्य झोतांचा एकत्रित हिशेब मांडता येतो. त्यावरून शेपटी किती मजबूत हवी, हे अभियंते ठरवतात.

विमान धक्क्यांसाठीच बांधलेले असते, माणूस नसतो! जखमी होतात ते बहुधा पट्टा न बांधलेले. म्हणून दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधलेलाच ठेवा, आणि घरच्यांनाही सांगा.

गणपती बाप्पा मोरया!