आमचा बोट क्लब आणि येता हंगाम

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



शिराळ्याच्या लेकी नागपंचमीला माहेरी येतात, तशी मीही आले आहे. माझे सासर जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी. पावसाळ्यात आमच्या बोटी काठावर ओढून ठेवलेल्या असतात, म्हणून ही सवड मिळाली. ‘तुमच्या बोट क्लबाविषयी चार शब्द सांगा,’ अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. माहेरची आज्ञा मोडवत नाही.

क्लब म्हटले की पत्ते आणि चहा डोळ्यांपुढे येतात. आमचा क्लब तसा नव्हे. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली शेते गेली, तशा जुन्या वाटाही गेल्या. बाजार, शाळा, दवाखाना, सोयरीक, सर्वांच्या मध्ये पाणी आडवे आले आणि नाव हीच काठच्या गावांची बैलगाडी झाली. पुढे तापोळा-बामणोलीस पाहुणे येऊ लागले, वासोटा किल्ल्याला जाणारे येऊ लागले, आणि त्याच पाण्यावर चार पैसे मिळू लागले.

पैशांमागून भांडणे आली. एका पाहुण्याला चौघे बोटवाले ओढू लागले, म्हणजे पाहुणा भाव पाडतो आणि चौघांचेही नुकसान होते. म्हणून एकत्र येऊन नंबर लावले. ज्याचा नंबर त्याची फेरी, दर सर्वांचा एक, पैसे खिडकीवर, आणि प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम क्लबाच्या पेटीत. त्या पेटीतून धक्क्याची डागडुजी व्हायची, जाकिटे यायची. ती वही मी लिहिते. घरचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला त्यात अवघड काहीच नाही.

अवघड आहे ते ‘नाही’ म्हणणे. बोटीत किती माणसे घ्यावीत हा आकडा सरकारी तपासणीत ठरतो. पण दिवाळीच्या सुट्टीत खिडकीशी गर्दी झाली की, ‘दोनच माणसे जास्त आहेत, बाई, पोरांना मांडीवर घेतो,’ असे प्रत्येक जण म्हणतो. दोन माणसे वाढली म्हणजे बोटीचा काठ पाण्याच्या तेवढा जवळ गेला. त्यातच फोटो काढायला सगळे एका अंगाला सरकले, तर पुढे काय होईल हे मी सांगायला नको.

या ‘नाही’वरून एकदा क्लब मोडायची वेळ आली होती. ‘नियमाने गिऱ्हाईक परत गेले तर माझ्या नंबरचे काय?’ असे बोटवाले विचारीत, आणि त्यांचेही खरे होते. बोटीचा हप्ता थांबत नसतो. शेवटी तोड निघाली. जास्तीची माणसे पुढच्या नंबराच्या बोटीत बसवायची, आणि अशी सुटी माणसे एकत्र करून त्यांच्याकडून माणशी दर घ्यायचा. पाहुणाही गेला नाही, नंबरही बुडाला नाही. नियम नुसता सांगून चालत नाही. तो पाळणाऱ्याची चूलही पेटली पाहिजे.

आपल्या सांगली जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. २०१९ च्या महापुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जीव गेले. त्यांत बायका आणि लेकरे अधिक. बोटीला झेपतील त्याहून जास्त माणसे तिच्यात होती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात दुसरी बोट उलटली. तिच्यात सातच माणसे होती. पण वादळी वारा सुटला आणि सहा जण गेले. एका दुर्घटनेने ओझ्याचा धडा दिला, दुसरीने वाऱ्याचा. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आले की आम्ही खिडकी बंद करतो. पाहुणे रागावतात, रागावोत बापडे.

आता येता हंगाम. ऑक्टोबरात वनखाते वासोट्याची वाट उघडते, तेव्हा जलाशय भरलेला असतो. मेअखेर तेच पाणी इतके उतरते की धक्का कोरडा पडतो आणि बुडालेले खडक वर डोकावतात. म्हणजे आठ महिन्यांत तळ्याचे रूप सारखे पालटते. त्याआधीची कामे अशी: बोटींची डागडुजी आणि रंग, इंजिनांची दुरुस्ती, आणि प्रत्येक जाकीट पाण्यात टाकून तरंगते की नाही हे पाहणे. ज्याचा पट्टा तुटला, ते बाद. लहान मुलांच्या मापाची जाकिटे यंदा वाढवायची आहेत. मोठ्याचे जाकीट पोराच्या डोक्यावरून निसटते. साडी चुरगळते म्हणून जाकीट नाकारणाऱ्या भगिनीही येतात. त्यांना मी सांगते, पदर खोचा आणि पट्टा आवळा. साडीला इस्त्री करता येते.

शेवटी मंडळाला एक विनंती. चांदोली धरणातून पाणी सुटले की मांगले, सागाव अशा वारणाकाठच्या गावांना घोर लागतो. पाणी दाराशी आल्यावर बोटीची वाट पाहिली, तर तिच्यात दाटी होणारच. मंडळाने प्रत्येक गावासाठी एक वही करावी: कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, कोठे गरोदर लेक माहेरी आली आहे, कोठे तान्हे मूल आहे. इशारा मिळताच ही माणसे आधी, पायवाट कोरडी आहे तोवर हलवावीत. मग बोटीची गरज थोड्यांनाच पडेल.

आमच्या वहीत प्रत्येक फेरीपुढे दोन रकाने असतात: गेले किती आणि परत आले किती. दोन्ही आकडे सारखे आले की त्या दिवशी कमाई थोडी झाली तरी आम्ही निश्चिंत झोपतो. मंडळाच्या वहीतही ते आकडे सदैव सारखे राहोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.