कानांवाटे पोहोचणारे रूप



व्याख्यानमालेत साबण, स्नो आणि पावडर यांवर बोलायचे म्हटले की काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे आम्ही जाणून आहोत. ज्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास आणि अर्थकारण यांची चर्चा व्हायची, तेथे या नट्टापट्ट्याचे काय काम, असे कोणी विचारील. विषय वरवर हलका दिसतो, हे खरे. परंतु त्याच्या पोटात दोन गंभीर प्रश्न दडलेले आहेत. जी वस्तू डोळ्यांना दिसण्यासाठी जन्माला आली, तिची ओळख कानांनी कशी होते? आणि कानांनी झालेली ही ओळख खरी की खोटी, हे कसे पारखावे? पहिल्या प्रश्नावर लहान उत्पादकाचे पोट अवलंबून आहे, आणि दुसऱ्यावर आपल्या लेकीसुनांची कातडी. म्हणून आजची संध्याकाळ या विषयाला द्यावी असे आम्ही ठरविले.

आपल्याकडे प्रसाधनाच्या वस्तूंचा प्रचार चित्राने सुरू झाला नाही, तो हाकेने सुरू झाला. कासार गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या आवाजासरशी माजघरातल्या बायका ओसरीवर येत. सुया, पोत, बिबे घेऊन फिरणारी वैदीण, अत्तराची पेटी घेऊन येणारा अत्तरवाला, हे सारे आधी ऐकू येत आणि मग दिसत. या हाकेत तीन गोष्टी असत. एक तर आवाज ओळखीचा असे. दुसरे, तो ठरलेल्या दिवसांत, सणावाराच्या तोंडावर हटकून येई. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो पुन्हा येणार असे. बांगडी हातात भरताच पिचली किंवा अत्तर दोन दिवसांत उडाले, तर पुढच्या खेपेस त्याला जाब विचारला जाई. ओळखीचा आवाज, नेमलेली वेळ आणि पुन्हा तोंड दाखविण्याची जबाबदारी, हे तीन धागे ध्यानात ठेवावे. पुढचे सारे विवेचन आम्ही याच तीन धाग्यांनी विणणार आहोत.

आता अमेरिकेकडे वळू. कारण हाकेला यंत्राची जोड प्रथम तेथे मिळाली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या नभोवाणी केंद्राने पैसे घेऊन वेळ विकण्यास १९२२ च्या ऑगस्टमध्ये आरंभ केला. पहिले गिऱ्हाईक घरे विकणारी एक कंपनी होती. पण लवकरच, १९२३ च्या सुमारास, मिनरालाव्हा नावाच्या चेहऱ्याला लावायच्या मातीची पाळी आली. त्या कंपनीने काय केले असेल? मातीचे गुणगान करीत बसण्याऐवजी तिने मॅरियन डेव्हिस या चित्रपटनटीला ध्वनिक्षेपकापुढे आणले आणि चित्रपटासाठी आपण रंगभूषा कशी करतो, यावर तिचे भाषण ठेवले. शेवटी सांगितले की, जो पत्र लिहील त्याला नटीच्या सहीचे छायाचित्र मिळेल. पत्रे शेकड्यांनी आली! या छोट्याशा प्रसंगात पुढच्या शंभर वर्षांचे सारे बीज आहे. आधी श्रोत्याला हवे ते ज्ञान द्यावे, मग आपले नाव हळूच सांगावे, आणि कोणी ऐकले हे कळण्यासाठी एक पत्र मागावे.

पुढे हीच वाट हमरस्ता झाली. १९२७ साली सुरू झालेल्या पामोलिव्ह साबणाच्या संगीत कार्यक्रमात तर एक मोठी गंमत आहे. फ्रँक मन हा गायक तेथे ‘पॉल ऑलिव्हर’ या नावाने गाई आणि व्हर्जिनिया रे ही गायिका ‘ऑलिव्ह पामर’ या नावाने. साबणाचे नाव उघड घेतले तर श्रोता कंटाळेल, म्हणून गाणाऱ्यांचेच बारसे साबणाच्या नावाने केले! १९३१ पासून लेडी एस्थर या क्रीम-पावडरीच्या कंपनीने वेन किंगच्या वाद्यवृंदाचे वॉल्ट्झ ऐकविले. १९३४ साली लक्स साबणाचे नभोनाट्यगृह उघडले. गाजलेल्या चित्रपटांची तासाभराची नाट्यरूपे त्यात नामवंत नटनट्यांच्या आवाजात ऐकायला मिळत. ते १९५५ पर्यंत चालले. घराघरांतली इस्त्री आणि भांडी चालू असताना हा आवाज शेजारणीसारखा घरात वावरू लागला.

आपल्या देशात ही गोष्ट जरा वाकड्या वाटेने आली. लक्सच्या जाहिरातीत १९४१ साली लीला चिटणीस झळकल्या, पण ती छापील चित्रांची दुनिया होती. आकाशवाणीवर जाहिरातींना मज्जाव होता, आणि १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री असताना चित्रपटगीतेही तेथून जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरविला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या प्रक्षेपण यंत्रणेचा वारसा रेडिओ सिलोनकडे होता, आणि तिच्या लघुलहरी हिंदुस्थानभर ऐकू येत. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक होती सिबा ही स्विस कंपनी. विकायची वस्तू दात चमकविणारी पेस्ट. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. अमीन सयानी हे भगिनींना आधी आणि बंधूंना मागून साद घालत, आणि ती साद ऐकण्यासाठी बुधवारी रात्री हॉटेलांपुढे माणसे उभी राहत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत. त्यांचे निधन २०२४ साली झाले. ती पेस्टही बाजारातून मागे पडली. पण आजोबांच्या पिढीला विचारा, बिनाका हे नाव ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. वस्तू मागे पडल्यावरही नाव कानात राहते, इतके या माध्यमाचे बळ आहे.

अखेर सरकारलाही उमगले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. महाराष्ट्राच्या कानांना ही सवय देशात सर्वांआधी लागली, असे म्हणायला हरकत नाही. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली उभारलेल्या विको कंपनीच्या हळदीच्या मलमाची चाल तर ज्यांनी ते मलम कधी बोटालाही लावले नाही, त्यांनाही पाठ आहे.

आता आपण आमच्या तीन धाग्यांकडे पाहू. नभोवाणीने ओळखीचा आवाज दिला, नेमलेली वेळ दिली. पण तिसरा धागा तुटला. आवाज एकाचा आणि माल दुसऱ्याचा, अशी फारकत झाली. साबणाने अंगाला खाज सुटली तर गाणाऱ्या ऑलिव्ह पामरला कोण जाब विचारणार? शिवाय हा खेळ श्रीमंतांचा होता. ज्याच्यापाशी तासभर वेळ विकत घेण्याची ऐपत, त्याचेच नाव ऐकू येणार. तालुक्याच्या गावी उत्तम उटणे करणारी बाई मात्र मुकीच राहणार.

येथेच आजच्या काळाचे वैशिष्ट्य आहे. २००४ च्या सुमारास ‘पॉडकास्ट’ हा शब्द जन्मला. ध्वनिमुद्रित कार्यक्रम जो तो आपल्या सवडीने, आपल्या मोबाइलवर, भाकऱ्या थापताना किंवा एसटीच्या प्रवासात ऐकतो. तो तयार करण्यास प्रक्षेपण केंद्र लागत नाही; शांत खोली, बरा ध्वनिक्षेपक आणि सांगण्यासारखे काहीतरी, एवढे पुरते. म्हणजे कासाराची हाक पुन्हा कासाराच्याच तोंडी आली. तुटलेला तिसरा धागा पुन्हा जोडता येईल, अशी ही संधी आहे.

समजा, चार जणींनी मिळून उटण्याचा उद्योग काढला. प्रथम त्यांनी हे लक्षात घ्यावे की, प्रसाधने तयार करून विकण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखाली परवाना लागतो. परवान्याशिवाय आवाज काढणे म्हणजे आपणहून चावडीवर जाऊन उभे राहणे होय. परवाना हाती आल्यावर त्यांनी ‘आमचे उटणे घ्या हो’ असा टाहो फोडू नये. नागरमोथा म्हणजे काय, वाळा कशासाठी घालतात, कपूरकाचरी आणि आंबेहळद यांचा वास कसा ओळखावा, दळण जाडे राहिले तर अंगाला का ओरखडते, हे दहा मिनिटांत सांगावे. आवाजाला रंग दाखविता येत नाही. पण स्पर्श, वास आणि कृती ही तो चित्राहून चांगली सांगतो. ‘दुधात कालवले की दह्याच्या मलईसारखे सरसरीत होते’ हे वाक्य ऐकताच श्रोत्याच्या बोटांना ते कळते. कोणी विषय शोधीत असेल, ‘कोरड्या कातडीला उटणे चालते का’ असे विचारीत असेल, तर तोच प्रश्न त्या भाषणाचे शीर्षक असावा. गिऱ्हाईक आपले नाव शोधीत नसते, आपल्या अडचणीचे उत्तर शोधीत असते. उत्तर देता देता नाव सापडले, की ते विसरत नाही.

नावाचेही एक शास्त्र आहे. ऐकून जे लिहिता येत नाही, ते नाव नभोमार्गे पोहोचत नाही. टाटांनी १९५२ साली प्रसाधनांचा उद्योग काढला, तेव्हा नाव घेतले ‘लॅक्मे’. ते आले लेओ दलिब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ सालच्या संगीतिकेवरून. आणि लॅक्मे म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप! दोन अक्षरी, उच्चाराला सोपे, कानाला गोड. आमच्या चार जणींनीही नाव असेच निवडावे, ते आरंभी, मध्ये आणि शेवटी स्पष्ट उच्चारावे, आणि कसे लिहितात तेही सांगावे. ऐकणाऱ्याने एकच काम करावे असे सुचवावे, पाच नव्हेत: एक प्रश्न पाठवा, किंवा हा शब्द सांगून नमुन्याची पुडी मागवा. मिनरालाव्हाने मागितलेल्या पत्राचेच हे नवे रूप होय. किती जणांनी तो शब्द सांगितला, यावरून आपला आवाज कोठवर गेला ते कळते. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आलेल्या प्रश्नाला पुढच्या खेपेस, त्याच आवाजात, उत्तर द्यावे. ‘अंगाला पुरळ आले’ अशी तक्रार आली तर तीही वाचून दाखवावी, आणि कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दिवसभर वाट पाहावी, मगच सर्वांगाला लावावे, हे सांगावे. हीच ती पुन्हा तोंड दाखविण्याची जबाबदारी. असा उद्योग एका महिन्यात फळ देणार नाही. पण वर्षभर टिकला तर मोठ्या भांडवलाला जमत नाही ते त्याला जमेल.

मात्र, या माध्यमाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कानाशी बोलणारा आवाज जिवलगाचा वाटतो, आणि म्हणूनच तो भाड्याने मिळतो. मैत्रीण सांगावी तशी एखादी बाई क्रीमची तारीफ करते, आणि त्यामागे पैशाची पुडी असते. आपल्या समाजात तर गोरेपणाचे खूळ जुनेच आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले! सावळ्या मुलीच्या कानात ‘तू कमी आहेस’ असे कुजबुजून जो माल खपतो, त्याला आम्ही प्रसाधन म्हणत नाही, अपमान म्हणतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली नियम घालून दिला आहे की, पैसे किंवा भेट घेऊन केलेली शिफारस ध्वनिरूप असेल, तर ती जाहिरात आहे हे आरंभी आणि शेवटी स्पष्ट बोलून सांगितले पाहिजे, आणि मध्ये खंड पडला तर त्याच्या आधी व नंतरही. चित्राखाली बारीक अक्षरांत लपविता येते; आवाजात बारीक अक्षरे नसतात. ही या माध्यमाची अडचण नव्हे, हे त्याचे भूषण आहे.

तेव्हा उद्योग करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे की, श्रोत्याचा कान ही उसनी मिळालेली वस्तू आहे. ती जशीच्या तशी परत करता आली पाहिजे. आणि श्रोत्यांना आमची विनंती अशी की, कोणताही गोड आवाज ऐकताना मनाशी तीन प्रश्न विचारावे. हा बोलणारा स्वतः माल करतो की दुसऱ्याचा खपवितो? त्याने मला काही शिकविले, की केवळ माझ्या रूपाची लाज वाटायला लावली? आणि उद्या काही बिघडले तर हा मला पुन्हा सापडेल का? तिन्ही उत्तरे समाधानकारक आली, तर खुशाल पुडी मागवा. एकही उत्तर अडले, तर आवाज कितीही मधुर असो, बटण आपल्याच हाती आहे.